नंबर चिकटवला, हात झटकले!

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या दप्तरात 2022 या एका वर्षात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांतल्या 1,764 महाराष्ट्रातल्या, देशात सर्वाधिक. दिवसाला जवळपास पाच मुले गमावणाऱ्या या राज्याच्या कुलगुरूंना, संस्थाचालकांना आणि मंत्र्यांना आमचा रोकडा सवाल आहे: हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर चिकटवून तुमची सुटका कशी होते? मुलांच्या डोक्यावर ताण लादतो कोण?

मुंबई विद्यापीठाने 2017 साली तयारी नसताना ऑनलाइन पेपरतपासणीचा घाट घातला. निकाल महिनोन्‌महिने रखडले, पुढचे प्रवेश लटकले, शेवटी कुलगुरूंना घरी जावे लागले. त्या मुलांना समुपदेशन नको होते, निकाल हवा होता! शिष्यवृत्तीचेही तेच. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज जागचा हलत नाही, आणि खिडकीतला कारकून सुनावतो, ''आधी फी भर, मग टीसी ने.'' गावाकडे बाप वावर गहाण टाकायला निघतो. अशा पोराला मोबाइलवरून दीर्घ श्वास घ्यायला सांगणे हा उपचार नव्हे, अपमान आहे.

आणि हेल्पलाइनवरचे बोलणे तरी कसे होते? पुण्याच्या पेठांत कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलीच्या खोलीत चार कॉट असतात. मनातले बोलायला ती गच्चीवर पाण्याच्या टाकीआड जाते. कोणी कपडे वाळत घालायला आले की हुंदका गिळते, ''आई, नंतर करते गं,'' म्हणत फोन ठेवते. पुन्हा लावावा तर पलीकडे दुसराच आवाज; सगळे पहिल्यापासून सांगायचे. दुसऱ्यांदा सांगायचे बळ कितीजणींत उरते?

टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनवर फोन उचलणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. 10 ऑक्टोबर 2022 पासून 14416 हा क्रमांक चोवीस तास, फुकट चालतो, मराठीतही बोलतो. ज्याचा जीव घुसमटतो आहे, त्याने तो आत्ता, याक्षणी लावावा. त्यात कसलाही कमीपणा नाही. आमचा संताप आहे तो या क्रमांकाआड दडणाऱ्यांवर.

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी बजावले आहे की शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. हेल्पलाइनचे क्रमांक ठळक लावा, असेही त्याच निकालात आहे. क्रमांक लावायला कागद आणि डिंक पुरतो. माणूस नेमायला पगार लागतो. कमानी, रंगरंगोटी आणि सत्कार समारंभांना ज्यांची तिजोरी उघडते, त्यांनी या पगाराला पैसा नाही म्हणून सांगू नये! मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेच्या गळ्यात समुपदेशन कक्षाचा जादा भार अडकवण्याची चलाखीही पुरे झाली. ज्या बाईंच्या हातात अंतर्गत गुण आहेत, त्यांच्यापुढे कोणता विद्यार्थी मन मोकळे करील?

पुढचे सत्र सुरू होण्याआधी प्रत्येक महाविद्यालयाने समुपदेशकाचे नाव, बसण्याची खोली आणि वेळ जाहीर करावी. शेजारीच रखडलेल्या निकालांची आणि अडलेल्या शिष्यवृत्त्यांची यादी लावावी. जे लावणार नाही, त्याच्या संलग्नतेचे नूतनीकरण विद्यापीठाने रोखावे. आणि विद्यापीठच कुचराई करील, तर कुलपतींनी कुलगुरूंना बोलावून जाब विचारावा.