निर्मनुष्य, पण निनावी नव्हे

ग्रीनलंड आणि कॅनडाचे एल्झमियर बेट यांच्यामधील नेअर्स सामुद्रधुनीत हान्स नावाचा एक उघडाबोडका खडक आहे. क्षेत्रफळ जेमतेम १.३ चौरस किलोमीटर. वर झाड नाही, वस्ती नाही. तरीही त्याने कॅनडा आणि डेन्मार्क या दोन मित्रराष्ट्रांत सुमारे अर्धशतक वाद जागता ठेवला. १९७३ साली उभयतांनी सागरतळाची सीमा आखली, ती बेटाच्या एका किनाऱ्याशी थांबवली आणि दुसऱ्यापासून पुढे नेली. १९८४ मध्ये डेन्मार्कच्या मंत्र्याने तेथे ध्वज रोवून मद्याची बाटली ठेवली. पुढे ध्वज आणि बाटल्यांची ही चढाओढ जगाच्या थट्टेचा विषय झाली. अखेर १४ जून २०२२ रोजीच्या कराराने बेटाची वाटणी झाली.

शस्त्राविना तंटा मिटला, हे निश्चितच स्वागतार्ह होय. परंतु बेट ज्याच्या नावाने ओळखले जाते, तो हान्स हेन्ड्रिक कोण? एकोणिसाव्या शतकातील ध्रुवीय मोहिमांचा ग्रीनलंडवासी शिकारी आणि वाटाड्या. त्याच्या मातृभाषेतील सुएरसाक हे नाव नकाशावर चढले नाही. बेटालाही इनुइट लोक तार्तुपालुक म्हणतात. त्याचा आकार मूत्रपिंडासारखा, म्हणून हे नाव. इनुइटांचा शिकारीसाठी ये-जा करण्याचा परिपाठ करारात मान्य झाला, हे उचितच झाले. मात्र निर्मनुष्य म्हणजे बेवारस नव्हे, एवढा बोध राजधान्यांनी घ्यावयास हवा. ध्वज येण्यापूर्वी तेथे शिकाऱ्यांच्या वाटा होत्या आणि त्या वाटांवर नावेही होती.