सबर मांजराने करायचा की आपण?

बकरी ईद जवळ आली की आमच्या जोगेश्वरीत सुऱ्यांना धार लावणारे गल्लोगल्ली फिरतात. सुरी बोथट नको, जनावराच्या डोळ्यांदेखत तिला धार लावायची नाही, एका बकऱ्यासमोर दुसरा कापायचा नाही, हे सातवीतला पोरगासुद्धा सांगतो. आणि याच घरांत म्हातारं मांजर खाटेखाली आठ-आठ दिवस तडफडत पडलेलं असतं. कुणी इंजेक्शनचं नाव काढलं की उत्तर तयार: "जान अल्लाह ने दी है, वही लेगा."

मला या उत्तराशी भांडायचं आहे.

मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. उलेमांमध्ये याबाबत मतभेद आहेत हेही मला माहीत आहे. ज्याचं मांस खात नाहीत अशा जनावराला दुखण्यातून सोडवण्यासाठीसुद्धा मारू नये, असं काहीजण मानतात. काहीजण परवानगी देतात. अभ्यास करून पहिलं मत मांडणाऱ्याचा मी आदर करते. पण आमच्या बिल्डिंगीत हे वाक्य फेकणारे ना औषध आणतात, ना डॉक्टर. खाटेखाली एक बशी दूध सरकवतात आणि तोंड फिरवतात. त्याला तवक्कुल म्हणू नका.

सहीह मुस्लिममध्ये हज़रत शद्दाद बिन औस यांची हदीस आहे. प्रत्येक कामात इहसान, अगदी जिबह करतानासुद्धा. म्हणून सुरीला धार लावा आणि जनावराला आराम द्या, असा तिचा आशय. आपण धार पाठ केली, आराम विसरलो.

"मग माणसालाही इंजेक्शन द्याल का?" हा प्रश्न मला हमखास येतो. नाही. माणूस मुकल्लफ आहे. त्याला हिसाब आहे, त्याच्या दुखण्याला अज्र आहे, त्याने गुनाह झडतात, त्याला सबर करायला सांगितलंय. मांजराला यातलं काही नाही. तिला परीक्षाच नाही, तर ती पास कशात होणार? सबर आपण करायचा असतो, आणि आपण तो तिच्या अंगावर ढकलतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या चौदा वर्षांच्या मांजरीची दोन्ही मूत्रपिंडं गेली. दोन महिने कातडीखाली सलाईन दिलं. मग तोंडात फोड आले, पाणीही उलटायला लागलं. डॉक्टर म्हणाले, आता फक्त त्रास वाढेल. आम्ही त्यांना घरी बोलावलं. शेजारणीने ऐकवलं, "बिल्ली मारने के लिए डॉक्टर घर पे? क्या शौक है!" शौकच म्हणा. टोपलीत कोंबून, खोदलेल्या एस. व्ही. रोडवरून रिक्षात आदळत, भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या रांगेत बसवून, थंडगार स्टीलच्या टेबलावर मरण द्यायचं, की जिथे ती रोज झोपायची त्या खिडकीतल्या गोधडीवर? आधी गुंगीचं इंजेक्शन. दहा मिनिटांत मान सैल पडली. मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. डोळे उघडेच राहिले. असंच होतं, डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून मुलं घाबरली नाहीत.

हा झगडा फक्त आपल्याकडचा नाही. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत होतं. गांधीजींनी डॉक्टरकरवी इंजेक्शन देऊन त्याला सोडवलं, तेव्हा अहिंसेचा जप करणाऱ्यांनीच त्यांच्यावर संतापाच्या पत्रांचा पाऊस पाडला. त्यांनी छापून उत्तर दिलं, माघार घेतली नाही. कायदाही यावर गप्प नाही. प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारा १९६० चा कायदा आहे, त्याचं कलम १३ वाचा. जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरत असेल, तर त्या जनावराचा अंत करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. भटक्या कुत्र्यांसाठीच्या २००१ च्या नियमांत तर असं होतं की एका कुत्र्यासमोर दुसऱ्याला हे मरण द्यायचं नाही. कुर्बानीचा अदब सरकारी भाषेत वाचून मी क्षणभर थबकले होते.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द. उपनगरात जिकडेतिकडे रिडेव्हलपमेंट. भाड्याच्या घराचा मालक कुत्रा नको म्हणतो, आणि धडधाकट कुत्र्याला "सोडवा" म्हणून लोक डॉक्टरकडे जातात. जे डॉक्टर अशांना दारातून परत पाठवतात, त्यांना माझा सलाम. तिथे सुटका कुत्र्याची होत नसते, मालकाची होत असते.

त्यानंतरचा प्रश्न जागेचा. जनावराला कफन-जनाज़ा नाही, पण आपल्याला मातीत ठेवायची सवय. चाळीत आणि टॉवरमध्ये माती कुठून आणणार? मग काळ्या पिशवीतून कचराकुंडी. मालाडला एव्हरशाइन नगरात महापालिकेने २०२३ मध्ये पाळीव जनावरांसाठी गॅसची दहनभट्टी सुरू केली, हे आपल्या वस्त्यांत किती जणांना ठाऊक आहे? ज्याला दहन पटत नाही त्याने गावाकडची, ओळखीच्या कुणाची जमीन शोधावी. कुंडी मात्र नको.

आणि मुलांना "झोपवलं" सांगू नका. मी रोज वर्गात शब्द शिकवते, म्हणून सांगते. इंग्रजीतून आलेला हा शब्द ऐकून लहान मूल रात्री गादीवर पडायला भितं. मेली म्हणा. तिला फार दुखत होतं, ती बरी होणार नव्हती, म्हणून डॉक्टरांनी औषध दिलं आणि ती मेली. रडू द्या.

डॉक्टरांना फोन कराल तेव्हा तीन गोष्टी विचारा. आधी गुंगी देणार ना? घरी यायचे किती घेणार? आणि त्यांच्या जागी त्यांचं स्वतःचं जनावर असतं, तर त्यांनी आज केलं असतं की अजून थांबले असते?