पंचेचाळीस दिवस कुणासाठी?

मागच्या आठवड्यात वाशीला एका परिषदेला जाऊन आलो. कंपन्यांच्या क्रेडिट मॅनेजर लोकांची परिषद. मोठं हॉटेल, गारठवणारा एसी, गळ्यात पट्टा, पट्ट्याला नाव. पत्रकार म्हणून मला बोलावलं होतं. आयोजकांनी प्रेसनोट आधीच टाइप करून ठेवली होती, "फोटोसकट लावा साहेब" म्हणून हातात दिली. ती प्रेसनोट मी छापणार नाही. तिथं जे ऐकलं आणि जे कुणी बोललंच नाही, ते इथे लिहितो. पोस्ट लांब आहे. पण दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत आणि पलीकडे तळोज्यात ज्यांचं पोट एमआयडीसीवर आहे, त्यांनी पूर्ण वाचावी.

आधी क्रेडिट मॅनेजर म्हणजे कोण ते सांगतो, कारण मलाही नीट माहीत नव्हतं. कंपनी माल विकते तो बहुतेक उधारीवर. कुणाला उधार द्यायचं, किती लाखांपर्यंत द्यायचं, किती दिवसांची मुदत द्यायची, मुदत संपली की पैसे कसे काढायचे, हे सगळं हा माणूस ठरवतो. आपल्या वाण्याच्या दुकानात "आज रोख उद्या उधार" अशी पाटी असते ना, तीच पाटी कोट घालून कॉम्प्युटरसमोर बसलीय असं समजा. काम वाईट नाही. उलट गरजेचं आहे. उधारी बुडाली की कंपनी बुडते, आणि कंपनीबरोबर कामगार.

सकाळच्या सत्रात एकच विषय फिरत होता: डीएसओ. म्हणजे विक्री झाल्यापासून पैसे हातात यायला सरासरी किती दिवस लागतात. तो कमी कसा करायचा. एक सॉफ्टवेअरवाला आला. त्याचं मशीन म्हणे ग्राहकाला आपोआप व्हॉट्सॲप करतं, आवाज ओळखून बोलतं, कोण पैसे बुडवणार ते आधीच सांगतं. पडद्यावर ग्राहकांचे तीन गट होते. तिसरा गट लाल रंगात: छोटे, प्रोप्रायटर, भागीदारीवाले. त्यांच्यापासून सावध राहा.

मग जेवणाच्या आधी एक पाहुणे आले. त्यांनी सूत्र सांगितलं. साठ्यात अडकलेले दिवस, अधिक येण्यात अडकलेले दिवस, वजा देण्याचे दिवस. हा आकडा जितका कमी तितकी कंपनी निरोगी. म्हणजे येणं लवकर घ्या आणि देणं लांबवा. मान डोलावणारे खूप होते. मी वहीत लिहून घेतलं आणि त्या "वजा"कडे बघत बसलो. कारण ते वजा कोण, हे मला माहीत आहे.

रबाळ्यात माझ्या ओळखीचा एक वर्कशॉपवाला आहे. तीन लेथ, एक मिलिंग मशीन, सात माणसं. एका मोठ्या कंपनीला पार्ट बनवून देतो. पीओवर मुदत लिहिलेली असते नव्वद दिवस. प्रत्यक्षात चार महिने, कधी पाच. आता हिशोब बघा. त्यानं पाच लाखांचं बिल काढलं की अठरा टक्क्यांनी नव्वद हजार जीएसटी होतो. तो पुढच्या महिन्याच्या वीस-पंचवीस तारखेपर्यंत भरायचा. कच्च्या मालावर भरलेला जीएसटी वजा होतो, पण तोही त्यानं आधी खिशातूनच दिलेला असतो. कंपनीकडून आलेला असतो शून्य. महावितरणचं बिल तारखेला भरलं नाही तर पंधरा दिवसांच्या नोटिशीनं लाइन तुटते. पोरांचा पगार सात तारखेच्या आत. स्टीलवाला तर आता रोखीशिवाय गाडी खाली करत नाही. सगळ्यांना तारीख आहे. फक्त त्याला पैसे द्यायची कुणाला तारीख नाही.

आणि परिषदेत लाल रंगात कोण? तो.

प्रश्नोत्तराला मी हात वर केला. विचारलं, "इथं बसलेल्यांपैकी किती जणांच्या कंपन्या छोट्या पुरवठादारांना पंचेचाळीस दिवसांत पैसे देतात?" थोडं हसू फुटलं. सूत्रसंचालक म्हणाले, तो पेमेंट्स विभागाचा विषय, आपण क्रेडिटचे लोक. पुढचा प्रश्न.

हेच मला लागलं. रुपया एकच आहे. माझं येणं ते तुझं देणं. एकाच मजल्यावर डाव्या हाताला येणं वसूल करणारे बसतात, उजव्या हाताला देणं अडकवणारे बसतात, आणि दोघंही बक्षीस घेतात. डाव्याची परिषद होते, उजव्याची होत नाही, इतकाच फरक.

चहाच्या वेळी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीचा क्रेडिट मॅनेजर बाजूला आला. हळू आवाजात म्हणाला, "दादा, प्रश्न बरोबर होता. पण आम्ही काय करणार? आमचा मोठा कस्टमर आम्हाला चार महिने लटकवतो. त्याच्यावर आम्ही कडक झालो तर सेल्सवाले ओरडतात. मग वरून सांगतात, व्हेंडरचं थांबवा." माणूस खोटं बोलत नव्हता. पण बघा, वरून खाली सगळे ढकलतात आणि शेवटी ज्याला ढकलायला कुणी उरत नाही, त्याच्या अंगावर सगळं येतं. बँक म्हणून सगळ्यात मोठा सावकार कोण? सगळ्यात छोटा माणूस. बिनव्याजी.

आता कुणी म्हणेल, धंदा आहे, चालायचंच. चालायचं नाही. कायदा आहे.

२००६चा एमएसएमई विकास कायदा काढून बघा. कलम १५: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेतली तर लेखी करारात ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यायचे, आणि ती मुदत कितीही ठरवा, पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त चालणार नाही. करार नसेल तर पंधरा दिवस. म्हणजे पीओवर छापलेले ते "नव्वद दिवस" कायद्यापुढे टिकत नाहीत. कलम १६: उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक रेट साडेपाच टक्के धरला तरी साडेसोळा टक्के होतात. पाच लाखांचं बिल चार महिने उशिरा दिलं तर साधारण अठ्ठावीस हजार व्याज. मागावं लागत नाही, देणं बंधनकारक आहे. रबाळेवाल्याला मी विचारलं, आजवर किती व्याज मिळालं? तो माझ्याकडे वेड्यासारखा बघत राहिला.

पैसे अडले तर राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येतं. २०१७मध्ये समाधान पोर्टल आलं, तेव्हापासून घरबसल्या ऑनलाइन अर्ज करता येतो. कौन्सिलनं नव्वद दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर कंपनीला आधी पंचाहत्तर टक्के रक्कम भरावी लागते. इतका धारदार कायदा आपल्याकडे फार कमी विषयांत आहे.

मग कुणी वापरत का नाही? रबाळेवाल्याचं उत्तर एका ओळीचं: "अर्ज टाकला तर हे पैसे येतील हो, पण पुढची पीओ येणार नाही." संपला कायदा.

सरकारलाही हे कळतं, म्हणून अधूनमधून नवीन औषध येतं. २०२३च्या अर्थसंकल्पात आयकर कायद्यात ४३बी(एच) आणलं, १ एप्रिल २०२४पासून लागू झालं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे द्याल त्याच वर्षी धरला जाईल. ऐकायला जबरदस्त. पण पळवाट बघा: चार महिने उशिरा दिले तरी ३१ मार्चच्या आत दिले की कराला धक्का नाही. म्हणजे मार्चमध्ये पैशांचा पाऊस, एप्रिलपासून पुन्हा दुष्काळ. दुसरं औषध ट्रेड्स. बिल ऑनलाइन टाका, कंपनीनं मान्य केलं की बँक पैसे देते. अडीचशे कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५पर्यंत त्यावर नोंदणी सक्तीची केली. पण नोंदणी करणं वेगळं आणि बिल मान्य करणं वेगळं. लग्नाच्या मंडपात नाव नोंदवलं म्हणून लग्न होत नाही.

आता एक तुलना करतो, राग मानू नका. ऊस घ्या. १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी द्या, नाहीतर पंधरा टक्के व्याज. तिथंही साखर कारखाने थकवतातच, कमी नाही थकवत. पण फरक काय? कोल्हापूर-सांगलीत राजू शेट्टी आणि स्वाभिमानी शेतकरी संघटना रस्त्यावर उतरतात, तोडी बंद पाडतात. पुण्यात साखर आयुक्तांच्या दारात मोर्चा जातो. आयुक्तालयातून थकबाकीदार कारखान्यांची नावं बाहेर येतात, जप्तीच्या नोटिसा निघतात, आणि आम्ही पत्रकार ती यादी पहिल्या पानावर छापतो. चेअरमन आमदार असला तरी त्याला लाज वाटते, निदान निवडणुकीपुरती.

एमआयडीसीतल्या कंपनीला लाज कधी वाटते? तिचं नाव तुम्ही कधी वाचलंत?

माझं म्हणणं एवढंच आहे. कायदा कमी नाही, नावं बाहेर येणं कमी आहे. एकट्या वर्कशॉपवाल्यानं तक्रार करावी ही अपेक्षाच चुकीची. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला उंदरालाच सांगतोय आपण. घंटा बाहेरच्यानं बांधायला हवी.

आणि त्यासाठी नवीन काही शोधायला नको. पंचेचाळीस दिवसांवर थकलेलं देणं कंपन्यांना दर सहामाहीला एमएसएमई-१ या फॉर्ममध्ये केंद्राच्या कंपनी मंत्रालयाकडे कळवावंच लागतं. २०१९पासून हे चालू आहे. शिवाय वार्षिक ताळेबंदात सूक्ष्म-लघु उद्योगांचं थकीत देणं आणि त्यावरचं व्याज वेगळं दाखवावं लागतं. एखाद्या कंपनीचा ताळेबंद उघडून ती टीप वाचा. बऱ्याचदा एक वाक्य सापडेल: "कंपनीकडे उपलब्ध असलेल्या माहितीनुसार." पुरवठादार लघुउद्योग आहे हे आमच्या माहितीतच नाही, म्हणजे देणं शून्य! वर्षानुवर्षं ज्याच्याकडून पार्ट घेता, तो कोण ते माहीत नाही?

ब्रिटनमध्ये २०१७पासून मोठ्या कंपन्यांना वर्षातून दोनदा जाहीर करावं लागतं, की आम्ही सरासरी किती दिवसांत पैसे देतो आणि किती बिलं मुदतीबाहेर गेली. सरकारी वेबसाइटवर, कुणीही फुकट बघावं. आपल्याकडे माहिती जमा होते आणि फायलीत झोपते. ती जिल्हावार, कंपनीवार, साध्या यादीत लावा. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांपासून सुरुवात करा. पहिल्या दिवशी पहिल्या पानावर मी छापतो.

सरकार स्वतः धुतल्या तांदळाचं नाही, हेही सांगतो. २०२५मध्ये राज्यभरातले कंत्राटदार थकीत बिलांसाठी आंदोलन करत होते. स्वतःच उधारी थकवणारा दुसऱ्याला काय दटावणार? म्हणून यादीत सरकारी खाती, महामंडळं आणि महापालिकाही आल्या पाहिजेत. वगळायचं कुणालाच नाही.

मलाही वगळू नका. माझ्या साप्ताहिकाच्या छपाईचं बिल मी गेल्या वर्षी दोन महिने अडवलं होतं. कारण माझी जाहिरातीची बिलं अडली होती. प्रेसवाला काही बोलला नाही, फक्त फोन करायचा आणि "काही नाही, सहज केला" म्हणायचा. त्या परिषदेत बसून मला तो "सहज" आठवत होता. जाहिरातदाराला मी तरी कुठं जाब विचारला? पुढची जाहिरात जाईल म्हणून गप्प बसलो. म्हणजे रबाळेवाल्याची भीती मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. घरी आल्यावर प्रेसवाल्याचं चालू बिल त्याच रात्री दिलं. हे मोठेपणासाठी नाही सांगत. उशीर हा आपल्याला दिसतच नाही, तो सवय होऊन बसतो, म्हणून सांगतोय.

आता कामाचं.

वर्कशॉपवाल्यांनो: उद्यम नोंदणी केली नसेल तर आधी करा, फुकट आहे. तो नंबर प्रत्येक बिलावर आणि चलनावर छापा, कंपनीला ईमेलनं कळवून ठेवा. मग "आमच्या माहितीत नव्हतं" म्हणायला जागा उरत नाही. माल पोचल्याची सही आणि तारीख सोडू नका, मोजणी तिथून सुरू होते. आणि एपीएमसीतल्या व्यापारी मित्रांनो, एक लक्षात घ्या: व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या कर्जापुरती. पंचेचाळीस दिवसांचं संरक्षण तुम्हाला नाही.

एमआयडीसीतल्या उद्योजक संघटनांनो: सत्कार आणि स्नेहसंमेलनं पुरे. सभासदांची थकबाकी एकत्र गोळा करा आणि संघटनेच्या लेटरहेडवर कंपनीला पत्र पाठवा. एकाचं नाव पुढे येत नाही, पीओ कुणाची बंद करणार? सगळ्यांची?

आणि क्रेडिट मॅनेजर मंडळींनो, तुमच्याबद्दल मनात राग नाही. पुढच्या परिषदेत फक्त एक सत्र ठेवा: आपली कंपनी देते कधी? त्या दिवशी रबाळेवाल्यालाही बोलवा. त्याच्या गळ्यातही पट्टा घाला. तुमच्या सॉफ्टवेअरला जे कळत नाही ते तो पाच मिनिटांत सांगेल.

तुमचं बिल किती दिवसांपासून अडलंय ते मला कळवा. कंपनीचं नाव सांगायची भीती वाटत असेल तर नका सांगू, नुसते दिवस सांगा. नुसत्या दिवसांची यादीसुद्धा मी छापेन.