पानावरची तारीख

माझ्या वडिलांचा जन्म १९७२ च्या दुष्काळातला. तारीख कोणी लिहून ठेवली नाही. शाळेत घालताना मास्तरांनी १ जून लिहिली, तीच कायम झाली. आमच्या पाथर्डी तालुक्यात अशी १ जूनची माणसे घरोघर आहेत.

हे आठवायला कारण झाले एक वाळके पान. गावचा एक मित्र दुसऱ्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकतो. तेथे कागदांवर चिकटवलेल्या जुन्या वाळक्या फांद्यांचा गठ्ठा रद्दीत निघाला. का, तर त्यांवर ना तारीख, ना गाव. मी पडलो इतिहासाचा विद्यार्थी. पाल्यापाचोळ्याला तारीख कशाला, असे मी हसून विचारले. त्याने जे सांगितले त्याने माझे हसू मावळले.

पानावर पर्णरंध्रे नावाची सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि त्याच वाटेने पाणी गमावते. हा वायू वाढला की थोड्या छिद्रांवर भागते. म्हणून पुष्कळ जातींच्या नव्या पानांत ती कमी होतात. इंग्लंडमधील वुडवर्ड या शास्त्रज्ञाने १९८७ मध्ये ८ जातींच्या झाडांची, २०० वर्षांत जमवलेली पाने तपासली. छिद्रांची दाटी सुमारे ४० टक्क्यांनी घटली होती. हवेच्या दहा लाख भागांत हा वायू पूर्वी सुमारे २८० भाग होता, आज तो ४२० च्या वर आहे. हाच धागा धरून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या अश्मीभूत पानांवरून त्या काळच्या हवेचा अंदाज बांधतात.

मात्र पाणी तुटले की पान लहान राहते आणि छिद्रे दाटतात. आमच्याकडचे दुष्काळातले पान नुसते मोजले तर फसवील! म्हणून पृष्ठभागावरील एकूण पेशींत छिद्रांचे प्रमाण किती, हे पाहतात. एकाच कागदावर विसंबू नये, हे आम्हांला इतिहासाच्या तासाला शिकवतात ते याहून वेगळे काय?

कोणी म्हणेल, आता हवा मोजायला यंत्रे आहेत, पाने कशाला? यंत्र हवेचे सांगेल. त्या हवेत आपल्या मातीतल्या झाडाने काय केले, ते पानच सांगेल. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आणि पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात असे संग्रह जपलेले आहेत. पण सगळेच मुंबई-पुण्याने जपावे काय?

माझे म्हणणे एवढेच की, आपल्या आवारातल्या एका लिंबाची डहाळी दरवर्षी त्याच महिन्यात कागदात दाबून ठेवावी. खाली झाडाचे नाव, ठिकाण, तारीख आणि त्या साली पाऊस कसा झाला, ते लिहावे. याला विज्ञानाची पदवी लागत नाही. लिहिता येणारा हात लागतो. आमच्या घरात तो कॉलेजपर्यंत पोहोचलेला पहिला हात माझा आहे. वडिलांची खरी तारीख मला आता कोणी देणार नाही. लिंबाची तरी चुकू नये.

— द्वितीय वर्ष, कला