पन्नाशीनंतरची रंगपेटी

यंदाच्या संक्रांतीस, सिद्धेश्वराच्या यात्रेंतील नंदीध्वजांचें दर्शन घेऊन, माझा एक जुना विद्यार्थी तिळगूळ देण्यास घरीं आला. वय सत्तेचाळीस, बँकेंत जबाबदारीची जागा, केंस कानशिलांपाशीं पांढरे झालेले. शाळेंत असतांना हा मुलगा मागच्या बाकावर बसून माझेंच चित्र काढीत असे, आणि तें इतकें साधे कीं त्यास शिक्षा करण्याचें मला धैर्य होत नसे. नमस्कार करून तो बसला, माझ्या टेबलावरील कुंचले पाहून थोडा वेळ गप्प राहिला, आणि निघतांना म्हणाला, "गुरुजी, माणसांचे चेहरे काढावेत असं अजून फार वाटतं. पण वेळच मिळत नाही. आता काय ते निवृत्तीनंतर!"

मीं त्यास तिळगूळ दिला, पण त्याच्या बोलण्यास होकार दिला नाहीं. दारांत उभ्या उभ्या जें सांगतां आलें नाहीं, तें या महिन्याच्या पानावर सांगतों. कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाहीं. आपल्या वाचकवर्गांत चाळिशी-पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभे असलेले, आणि कोठें तंबोरा, कोठें कुंचला, कोठें कवितेची वही माळ्यावर टाकून बसलेले स्त्रीपुरुष पुष्कळ असतील.

'निवृत्तीनंतर' या शब्दाशीं माझा जुना परिचय आहे. लहानपणीं शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या दोन्ही रेखाकला परीक्षा मीं दिल्या व त्यांत उत्तम यश मिळविलें. वडील गिरणींत कारकून होते. त्यांनीं प्रमाणपत्र वाचलें, घडी घातली, आणि "चित्रांनी चूल पेटत नाही" एवढेंच म्हणून तें मला परत दिलें. त्यांचें चुकलें असें मी म्हणत नाहीं. पांच मुलांच्या बापाचें तें बोलणें होतें. मी मॅट्रिक झालों, एका शास्त्रीबुवांपाशीं संस्कृत शिकलों, शिक्षक झालों. रंगपेटी माळ्यावर गेली. आई मात्र मधून मधून विचारी, "माझं चित्र कधी रे काढतोस?" मी म्हणें, "दिवाळीच्या सुट्टींत." अशा किती दिवाळ्या गेल्या याचा हिशेब मीं ठेविला नाहीं. अखेर एका वर्षीं दिवाळी आली, परंतु आई नव्हती. आज तिचें एकच छायाचित्र घरांत आहे. लग्नाच्या घोळक्यांत ती मागें उभी आहे, आणि कोणीतरी हांक मारल्यामुळें तोंड फिरवून स्वयंपाकघराकडे पाहत आहे. तिचा चेहरा मला आठवतो असें मला वाटतें; पण कागदावर पेन्सिल टेंकली कीं हनुवटीपाशीं हात थांबतो. तिची हनुवटी कशी होती, तें मला ठाऊक नाहीं.

आतां ज्या सबबी आपण सर्वच सांगतों, त्यांचा थोडा विचार करूं.

पहिली सबब कामाच्या व्यापाची. आमच्या सोलापुराहून फार दूर नसलेल्या औंध येथें बाळासाहेब पंतप्रतिनिधि नांवाचे राजे होऊन गेले. जन्म १८६८ चा. १९०९ सालीं ते गादीवर आले. संस्थानाचा कारभार, सूर्यनमस्कारांचा प्रसार, भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीस साहाय्य, एवढी कामें अंगावर असतांना ते स्वतः कुंचला हातीं धरीत. त्यांच्या 'चित्ररामायणां'तील चित्रें त्यांच्या स्वतःच्या हातचीं आहेत. आणि १९३८ सालीं यमाईच्या डोंगरावर त्यांनीं जें चित्रसंग्रहालय उघडलें, तें आजही पाहावयास मिळतें. यावर कोणी म्हणेल, "राजाची गोष्ट निराळी, त्यांच्या दिमतीस माणसें होतीं." हा आक्षेप खरा आहे, आणि त्याच्याकडे मी पुढें वळणार आहें.

दुसरी सबब वयाची. याच औंधांत १९१८ सालीं एक गृहस्थ राहावयास आले. त्यांचें वय तेव्हां सुमारें एकावन्न वर्षांचें होतें. सावंतवाडीकडील कोलगांवचे हे श्रीपाद दामोदर सातवळेकर. वेदांचे भाष्यकार म्हणून त्यांचें नांव आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेले ते व्यक्तिचित्रकार होते, आणि हैदराबाद व लाहोर येथें चित्रें व छायाचित्रें काढून त्यांनीं संसार चालविला होता, हें अनेकांस ठाऊक नसतें. ज्या वयांत आपण निवृत्तिवेतनाचे आंकडे मांडूं लागतों, त्या वयांत या पुरुषानें चालता धंदा मागें ठेविला आणि औंधांत स्वाध्याय मंडळाचें कार्य मांडलें. १९६८ सालीं, शंभर वर्षें पूर्ण करून, ते निवर्तले. म्हणजे आयुष्याचें दुसरें अर्धें त्यांनीं पन्नाशीनंतर आरंभिलें. ते चित्राकडून वेदाकडे गेले. आपणांपैकीं कोणास पोथीकडून चित्राकडे यावयाचें असेल. वाट उलटी असली तरी वय आड येत नाहीं, एवढें यावरून सिद्ध होतें. रवींद्रनाथांनीं तर साठीनंतर चित्रकला गंभीरपणें हातीं घेतली, आणि १९३० सालीं त्यांच्या चित्रांचें पहिलें प्रदर्शन पॅरिस येथें भरलें, तेव्हां ते एकोणसत्तर वर्षांचे होते.

तिसरी सबब साधनांची. 'चित्रास बसणार कोण? आम्हांस कोठून मिळणार असले चेहरे?' सावंतवाडीचेच सां. ल. हळदणकर यांचें हातांत दीप घेतलेल्या स्त्रीचें जलरंगांतील चित्र पुष्कळांनीं पाहिलें असेल. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यांत तें आहे, आणि कित्येक प्रेक्षक त्यास रविवर्म्याचें चित्र समजतात. १९४५-४६च्या सुमारास, साठी ओलांडल्यावर, हळदणकरांनीं तें काढिलें. ती दीपधारिणी म्हणजे त्यांची कन्या गीता. घरांतली मुलगी आणि घरांतला दिवा, एवढेंच साहित्य! चेहरे घरांत असतातच. आपण त्यांच्याकडे पाहत नाहीं.

न पाहण्याच्या या दोषास कालिदासानें एक नेमका शब्द योजिला आहे. 'मालविकाग्निमित्रां'त राजा अग्निमित्र मालविकेस प्रथम चित्रांत पाहतो. एवढें लावण्य खरें असेल काय, अशी त्यास शंका येते. पुढें ती प्रत्यक्ष समोर येते, तेव्हां त्यास उमगतें कीं उणीव तिच्यांत नसून चित्रकारांत होती. तो चित्रकार 'शिथिलसमाधि' होता. त्याचें चित्त ढिलें पडलें होतें. राजा चित्रकाराच्या हातास दोष देत नाहीं, रंगासही देत नाहीं, समाधीस देतो. यशोधर पंडितानें 'जयमंगला' टीकेंत चित्राचीं सहा अंगें सांगितलीं आहेत, त्यांत सादृश्य हें केवळ एक आहे. भाव आणि लावण्ययोजन हीं स्वतंत्र अंगें मानलीं आहेत. सादृश्य तर हल्लीं खिशांतला मोबाइलही एका क्षणांत उतरवितो. उरलेल्या अंगांसाठीं समोर बसून पाहावें लागतें.

मला हें सर्व शास्त्र ठाऊक होतें, आणि तरी मी स्वतः शिथिलसमाधि होतों. तें कसें कळलें, तें सांगतों.

निवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यांत माळ्यावरून रंगपेटी उतरविली. रंगांच्या वड्या तडकून गेल्या होत्या. नवे रंग आणले, उत्तरेच्या खिडकीपाशीं खुर्ची मांडली, आणि पहिलें चित्र पत्नीचें काढावयाचें ठरविलें. ती म्हणाली, "आता या वयात माझ्यात काय बघायचंय? नातवंडांची काढा." पुष्कळ आर्जवें करून बसविली. पांच मिनिटें झालीं नाहींत तोंच कुकरची शिटी झाली, ती उठली. पुनः बसली, तों दूधवाला आला. तिसऱ्यांदा बसली, तों धाकट्या सुनेचा फोन. मी त्रासून म्हणालों, "तासभर स्थिर बसणं इतकं का कठीण आहे?" त्यावर ती शांतपणें म्हणाली, "अहो, तुम्ही निवृत्त झालात. मी कुठं झालेय?"

मीं कुंचला खालीं ठेविला. अडतीस वर्षांच्या संसारांत माझें वाचन, माझ्या शिकवण्या, माझीं व्याख्यानें यांस जो जो वेळ मिळाला, तो कोणाच्या खात्यांतून निघाला होता, हें त्या क्षणीं मला प्रथमच दिसलें. वेळ आकाशांतून पडत नाहीं. एका घरांत तो सर्वांचा मिळून एक सांठा असतो. एकानें ओंजळभर अधिक घेतला कीं दुसऱ्याची ओंजळ तेवढी रिती होते. औंधच्या राजांविषयींचा आक्षेप आम्हां मध्यमवर्गीय पुरुषांसही लागू आहे. आमच्याही दिमतीस माणूस होतें. फक्त आम्ही त्यास तसें म्हणत नव्हतों.

त्या दिवसापासून आम्हीं नवी पद्धति ठरविली. सकाळीं सात ते आठ चित्राची बैठक. तत्पूर्वीं चहा मीं करावयाचा, भाजी मीं चिरावयाची, कुकर मीं लावावयाचा. पहिल्या आठवड्यांत आमटींत मीठ दोनदां पडलें. तें आम्ही उभयतांनीं मुकाट्यानें खाल्लें. नुसतें बसून राहणें तिला लाजिरवाणें वाटे, म्हणून मीं विचारलें, "हातात काय देऊं?" ती जरा थांबून म्हणाली, "पुस्तक द्या." लग्नापूर्वीं ही बाई दिव्याखालीं रात्र रात्र वाचीत असे, हें मला ऐकून माहीत होतें, पाहून माहीत नव्हतें. मीं तिच्या हातीं लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' दिलीं. तेव्हांपासून बैठकीचा तास जितका माझा, तितकाच तिचाही झाला.

आणि मग मला दिसूं लागलें. डाव्या भिवयीच्या टोंकाशीं तिच्या कपाळावर तांदळाएवढा एक फिकट व्रण आहे. मीं विचारलें, "हा कधींचा?" पुस्तकांतून डोळे वर न करतां ती म्हणाली, "थोरल्याच्या मुंजीतला. अनारसे तळताना तूप उडालं." त्या गोष्टीस तीस वर्षें होऊन गेलीं. त्या दिवशीं मी मांडवाच्या दारांत उभा राहून पाहुण्यांचें स्वागत करीत होतों, हें मला पक्कें आठवतें. कोणत्या पाहुण्यानें कोणता फेटा बांधला होता, तेंही आठवतें.

माझा विद्यार्थी हें वाचीत असेल, तर त्याच्यासाठीं कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. रोज एक तास पुरे. पण तो एकाच वेळीं आणि एकाच जागीं असावा, म्हणजे उजेड बदलत नाहीं. उत्तरेचा उजेड सर्वांत स्थिर. आरंभीं रंग नकोत. कोळशाची कांडी आणि साधा कागद पुरतो. नवशिका डोळे फार वर काढितो. वास्तविक माथ्यापासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या साधारण मध्यावर ते येतात. आपले डोळे किलकिले करून पाहावें, म्हणजे बारकावे मावळून छायाप्रकाशाचे मोठे भाग दिसूं लागतात. जलरंग घ्यावयाचे तर आपल्या सोलापूरच्या वैशाखांत सकाळींच घ्यावेत. दुपारीं कुंचला कागदावर पोंचतो न पोंचतो तों रंग वाळून जातो. छायाचित्रावरून नक्कल करण्याची संवय लावून घेऊं नये. आणि चित्र बिघडलें तर फाडूं नये. मागें तारीख लिहून ठेवावें.

परंतु या सर्वांआधीं एक गोष्ट करावी. हा तास कोणाच्या खात्यांतून निघणार आहे, हें घरांत बसून मोकळेपणें विचारावें. आणि ज्याचा घ्यावयाचा त्यास त्याच्या मोबदल्यांत काय द्यावयाचें, तेंही ठरवावें. घरांतील माणसाला थकवून त्याचेंच चित्र काढण्यांत कसली कला?

आणखी एक. संक्रांतीच्या दिवशीं बोलतां बोलतां तो म्हणाला होता कीं त्याची आई ऐंशी वर्षांची आहे, आणि सकाळचें ऊन घेत ओसरीवर बसून वाती वळते. बाबा रे, निवृत्तीस तुला अजून तेरा वर्षें आहेत. हनुवटीपासून आरंभ कर.

माझें चित्र अद्याप पुरें झालेलें नाहीं. चेहरा साधला आहे. व्रणही जागच्या जागीं आला आहे. हात राहिले आहेत. परवां मीं म्हटलें, "आणखी चार बैठकींत संपेल." ती पान उलटीत म्हणाली, "लक्ष्मीबाईंनी नवऱ्याला शब्दांनी काढलं, तुम्ही मला रंगांनी काढताय. बघू कुणाचं जास्त खरं उतरतं ते. पण घाई करू नका. माझीं अजून दीडशे पानं राहिलीत."

मीं घाई करणार नाहीं असें कबूल केलें आहे. हें पुस्तक संपलें कीं दुसरें कोणतें द्यावें, याचा शोध मी आतांपासूनच घेत आहें.