सापळ्यातली हजेरी

फार दिवसांनी लिहायला बसलो. निमित्त अगदी साधं. परवा समुद्रपूरहून गिरडकडे जाताना रस्त्यालगतच्या एका पऱ्हाटीत कामगंध सापळे टांगलेले दिसले, म्हणून उतरलो. सापळ्याखालच्या पिशवीत मेलेल्या पतंगांचा थर साचून कुजला होता. वावराचा मालक माझा जुना विद्यार्थी. म्हणाला, "लावले नं गुरुजी सापळे! आता काय येते अळी?"

सापळा लावला की काम संपलं, हा समज त्याच्या एकट्याचा नाही. म्हणून हे लिहितोय.

गंधाची करामत मात्र अजब आहे. गुलाबी बोंडअळीची मादी पतंग रात्री एक वास सोडते. आपल्या नाकाला त्याचा पत्ताही लागत नाही, पण नराच्या मिशांना तो कळतो आणि तो वाऱ्याच्या उलट दिशेने माग काढत येतो. 1973 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी या वासातली दोन द्रव्यं ओळखली, साधारण निम्मी-निम्मी. कपाशीच्या शास्त्रीय नावावरून त्याला गॉसिप्लुअर म्हणतात. तेच रबराच्या छोट्या गोळीत मुरवून सापळ्यात ठेवतात. बिचारा नर बायको समजून रबराकडे येतो...

सगळीकडे मादीच बोलावते असं नाही हं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत ऑर्किड मधमाश्या आहेत, त्यांच्यात नरच अत्तरवाला! ऑर्किडच्या फुलांवरून, कुजक्या लाकडावरून तो सुगंध गोळा करतो, मागच्या पायांतल्या पोकळीत साठवतो आणि पुढे मादीसाठी उधळतो. निलगिरी तेलातलं सिनिओल कागदाला लावून ठेवलं की हे नर आपणहून येतात. आपल्या आंब्या-पेरूवरच्या फळमाशीचा नर मिथाइल युजेनॉलला असाच भुलतो, आणि ते तुळशीतही असतं. (तेव्हापासून अंगणातल्या वृंदावनाकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो.) असो.

मुद्दा असा, की कपाशीतल्या सापळ्यात फक्त नर अडकतात. अंडी घालणारी मादी बाहेरच असते, आणि सुटलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. एकरी दोन सापळे अळी संपवायला नसतातच, ते बातमी द्यायला असतात. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग आले तर उपाय करा, असं कापूस संशोधनवाले सांगतात. अंड्यातून निघालेली अळी लवकरच बोंडात शिरते, वरचं छिद्र बुजतं, मग कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे वेळ आधीच साधावी लागते, आणि ती मोजल्याशिवाय कळणार कशी?

हे शहाणपण मला उशिराच आलं. 2017 साली आमच्याही वावरात सापळे होते. मोजले कोणी? कोणीच नाही. गोळी तीन-चार आठवड्यांनी बदलायची असते, आमची शेवटपर्यंत तीच. वरून हिरवीगार दिसणारी बोंडं फोडली तर आत सरकी पोखरलेली, रुई डागाळलेली. बीजी-2 बियाणं आहे, अळी लागत नाही, या भरवशावर आम्ही बसलो होतो. त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. नको तेव्हा मारलेली एक फवारणी म्हणजे कुणाला तरी, बहुतेक रोजाच्या माणसाला, विनाकारण विषात उभं करणं. खर्चाचं तर बोलूच नका.

माझं म्हणणं एवढंच, की सापळे वाटण्याचे फोटो पुरे झाले. प्रत्येक गावात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चार-पाच वावरांतले रोजचे आकडे लिहावेत. पतंग कुणाचा बांध पाहत नाही, त्यामुळे एकट्याच्या आकड्याने भागत नाही. मोजायला शाळेतली पोरं आहेतच, चौथीच्या मुलाला आठपर्यंत मोजता येतं. त्यांना डोमकळीही दाखवावी, पाकळ्या चिकटून न उमललेलं फूल, आत बहुधा अळी.

जुन्या विद्यार्थ्याला हे सगळं सांगितलं. तो हसला, म्हणाला, "गुरुजी, अजून हजेरीच घेता तुम्ही!" पण पिशवी माझ्यासमोर रिकामी केली त्याने. आमच्या वावराची वही नातवाकडे दिली आहे. काल दर सापळ्याला तीन होते, आज पाच.