रिठी गावांची नोंद कोण ठेवणार?

वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने पाचव्या शतकात, राज्यारोहणानंतरच्या दुसऱ्या वर्षी, नंदिवर्धनाहून एक गाव दान दिले. त्या दानाचा ताम्रपट जांबला सापडला. राष्ट्रीय महामार्गावरचा जाम चौरस्ता म्हणून आज जे ठिकाण ओळखले जाते, तेच समुद्रपूर तालुक्यातले हे जांब. दानात दिलेल्या गावाचे नाव कोथुरक. त्याच्या चारही सीमा ताम्रपटात नोंदल्या आहेत: उमा नदी, चिंचापल्ली, बोंथिकवाटक आणि मंडुकिग्राम. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ही नावे आजच्या नकाशाशी ताडून पाहिली. उमा म्हणजे आपली वणा नदी आणि मंडुकिग्राम म्हणजे मांडगाव, असे त्यांनी दाखवून दिले. पंधराशे वर्षांत राज्ये आली आणि गेली, शेताच्या मालकांच्या कितीतरी पिढ्या बदलल्या, तरी मांडगावाने आपले नाव सोडले नाही. कोथुरक मात्र राहिले नाही.

मिराशींना ही जुळणी करता आली, कारण ते अभ्यासाला बसले तेव्हा आजूबाजूची गावे आणि त्यांची नावे शाबूत होती. ती पुसली गेली असती, तर ताम्रपट हाती असूनही त्यातला मजकूर कुठल्या भूमीबद्दल आहे हे कळले नसते.

याच भागातल्या दुसऱ्या एका दानाची कथा जास्त काळजी वाढवणारी आहे. प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता ही चंद्रगुप्त विक्रमादित्याची मुलगी. तिने दंगुण नावाचे गाव दान दिले. मिराशींच्या मते ते म्हणजे हिंगणघाट. तो ताम्रपट उजेडात आला तो थेट पुण्यात, एका तांबट कुटुंबाकडे. तांबटाच्या घरी जुन्या पत्र्याचे सहसा काय होते, ते सांगायला नको. विदर्भाच्या इतिहासाचा हा मोठा आधार आपल्या हाती राहिला तो निव्वळ योगायोगाने.

आणि आपण अजूनही योगायोगावरच विसंबून आहोत. महसूल दप्तरात आपल्याकडे ‘रिठी’ मौजे असतात. तिथे वस्ती नाही, घर नाही, तरी मौजाचे नाव आणि हद्द कायम. कोथुरकाच्या वाटेने गेलेली ही गावे. त्यांच्या जागी पांढऱ्या मातीचे टेकाड उरलेले असते आणि नांगराखाली खापरे निघतात. ती माती वावरात टाकायला, भिंती सारवायला चांगली, म्हणून ट्रॉल्या भरून नेली जाते. यात शेतकऱ्याला दोष देता येणार नाही, कारण त्या टेकाडात काय आहे हे त्याला कुणी सांगितलेलेच नाही. पण खापरांचे थर एकदा उलटेपालटे झाले, की वस्ती कधीची आणि ती का उठली, हे कुठल्याही विद्यापीठाला सांगता येणार नाही. महामार्गालगतच्या जमिनीवर लेआउट पडतात, तेव्हा जुनी पांधण, सीमेचा दगड आणि वावराचे नाव ही तिन्ही एकदमच जातात. मागे राहतो तो भूखंड क्रमांक.

असे नुकसान नकळत कसे होते, यासाठी गिरडचे उदाहरण घ्या. शेख फरीद बाबांच्या दर्ग्याच्या टेकडीवर सुपारीसारखे गोल खडे सापडतात. बाबांनी एका व्यापाऱ्याच्या मालाचे दगड केले, अशी आख्यायिका आहे. भूशास्त्राच्या दृष्टीने ते ज्वालामुखीच्या खडकातले झिओलाइटचे गोळे आहेत. हिंदू-मुसलमान दोघांच्या श्रद्धेची ही टेकडी एकाच वेळी लोककथा आणि पृथ्वीचा इतिहास सांभाळून आहे. एकेक खडा पिशवीत टाकून घरी नेणाऱ्याला आपण काही नेतो आहोत असे वाटतही नाही.

जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याचा 1973 चा वारसा संरक्षण कायदा मला अशा दुर्लक्षित जागांसाठी महत्त्वाचा वाटतो. त्यात स्थानिक वारशाची काळजी वाहणाऱ्या जिल्हापातळीवरच्या मानद कार्यकर्त्यांना सल्ला देण्याचे स्थान आहे. त्यामुळे राजधानीतल्या तज्ज्ञाला ठाऊक नसलेली छोट्या गावातली जुनी भिंत पाडण्याआधी तिच्याविषयी बोलणारे माणूस असते. आपल्याकडे संरक्षित स्मारकांच्या यादीत नाव नसले, की त्या जागेच्या बाजूने बोलणारे कुणीच नसते. पांढरीचे टेकाड तर अशा यादीपर्यंत पोहोचतच नाही.

जैवविविधता कायद्यामुळे आपल्या ग्रामपंचायतींकडे लोक जैवविविधता नोंदवही आली. झाडे, पिके, पाखरे यांची नोंद स्थानिक समितीने लोकांना विचारून करायची, ही पद्धत गावांना आता अनोळखी नाही. तशीच दुसरी वही रिठी मौजे, पांधणी, पांढरी, जुन्या विहिरी, सीमेचे दगड आणि वावरांची नावे यांच्यासाठी उघडायला मोठा निधी लागत नाही. वेळ मात्र फार थोडा आहे. कोणत्या टेकाडाला काय म्हणत, कोणती वाट कुठल्या उठलेल्या गावाला जात असे, हे सांगू शकणारे जुने कोतवाल, गुराखी आणि माहेर-सासर याच पट्ट्यात झालेल्या म्हाताऱ्या आता गावागावांत मोजकेच उरले आहेत. त्यांना विचारायला या उन्हाळ्यात कुणी गेले नाही, तर पुढे विचारायला माणूसच नसेल.